बेडूक-टोडवर दृष्टीचा अभ्यास सुरू करायचाय? मग या क्रमाने करा

दृष्टीवर काम करायचं ठरलं की बहुतेक नवे लोक थेट उंदीर नाहीतर झेब्राफिश गाठतात, कारण आजूबाजूला सगळे तेच करत असतात. माझं म्हणणं एवढंच की बेडूक आणि टोड (खरखरीत कातडीचा बेडकाचा भाऊबंद) एकदा नीट बघा आणि मग ठरवा. यांच्या रेटिनातल्या, म्हणजे डोळ्यातल्या पडद्यातल्या, पेशी मोठ्या असतात, बाहेर काढलेला रेटिना थंडाव्यात कितीतरी तास जिवंत राहतो, कापलेली ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, परत वाढते (आपली वाढत नाही), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या प्राण्याला काय दिसलं ते तो अंगाने सांगतो, वळतो, झेप घेतो नाहीतर दबून बसतो. म्हणून या लेखात मी क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. आधी वागणं, मग उजेडाचं मोजमाप, आणि इलेक्ट्रोड सगळ्यात शेवटी. नवीन माणूस नेमका इलेक्ट्रोडपासून सुरू करतो आणि मग हाती आलेल्या सिग्नलचा प्राण्याला उपयोग काय हेच त्याला सांगता येत नाही.

पहिली पायरी: प्रश्न ठरवा, प्राणी त्यातून निघेल

"मला बेडकावर काम करायचंय" हा प्रश्न नाही. शिकार ओळखणं कसं चालतं हा प्रश्न असेल तर टोड घ्या, खासकरून युरोपातला कॉमन टोड, बुफो बुफो, कारण त्याच्यावर कितीतरी वर्षांचं काम उभं आहे आणि तो शांत बसून राहतो, उगाच उड्या मारत नाही. डोळ्यातून मेंदूकडे नसा कशा जातात, जोडण्या कशा बनतात, कुठलं जीन बिघडलं की रॉड पेशी (रेटिनातल्या, अंधुक उजेडात बघणाऱ्या) मरतात असले प्रश्न असतील तर झेनोपस या पाण्यातल्या बेडकाचे टॅडपोल, म्हणजे शेपटीवाली पिल्लं. ते पारदर्शक असतात, मायक्रोस्कोपखाली जिवंतपणी मेंदूतली एकेक पेशी बघता येते, आणि अंडी वर्षभर मिळतात. रॉड पेशीचं विद्युत-काम बघायचं असेल तर मोठ्या टोडच्या रॉड पेशी, त्यांचा बाहेरचा भाग साधारण ६० मायक्रोमीटर लांब असतो, उंदराच्या कितीतरी पट मोठा.

इथे एक चूक फार होते. झेनोपस लॅबमध्ये सहज मिळतो म्हणून त्याच्या मोठ्या प्राण्यावर शिकार पकडण्याचा प्रयोग लावतात. अहो, तो आयुष्यभर पाण्यात राहणारा प्राणी, त्याला जीभ नसते, आणि पाण्यातली हालचाल तो अंगावरच्या लॅटरल लाइनने ओळखतो. तुम्ही दृष्टी मोजताय असं वाटेल आणि प्रत्यक्षात पाण्याच्या लाटा मोजत बसाल.

झेनोपसमध्येही दोन जाती जास्त वापरतात. लेव्हिस मोठा, सोशिक, पण त्याच्यात क्रोमोसोमचे चार संच असतात त्यामुळे एका जीनच्या दोन-दोन आवृत्त्या सांभाळाव्या लागतात. ट्रॉपिकॅलिस लहान, दोन संचांचा, जीन एडिटिंगला सोपा, त्याचा जीनोम २०१० मध्ये आला आणि लेव्हिसचा २०१६ मध्ये. पहिल्यांदाच करत असाल आणि जीनशी थेट संबंध नसेल तर लेव्हिस घ्या, कमी रुसतो.

दुसरी पायरी: चार जुनी कामं समजून घ्या

सगळं वाचायची गरज नाही, पण ही चार समजली नाहीत तर पुढचं काहीच नीट लागणार नाही.

१९३८ मध्ये केफर हार्टलाइन यांनी बेडकाच्या ऑप्टिक नर्व्हचा एकच तंतू वेगळा काढून त्याचे सिग्नल ऐकले. काही तंतू दिवा लागला की बोलतात, काही विझला की, काही दोन्ही वेळा. आणि प्रत्येक तंतूचा रेटिनावर आपला एक तुकडा ठरलेला असतो, तिथे उजेड पडला तरच तो उत्तर देतो. यालाच रिसेप्टिव्ह फील्ड म्हणतात. दृष्टीवरच्या कामासाठी हार्टलाइन यांना १९६७ चं नोबेल वाटून मिळालं. मग १९५३ मध्ये होरेस बार्लो यांनी दाखवलं की त्या तुकड्याच्या आजूबाजूला उजेड पडला तर उत्तर दबतं, म्हणजे रेटिना नुसता कॅमेरा नाही, तो निवड करतो.

१९५९ चं काम सगळ्यांना ऐकून माहीत असतं. जेरोम लेटविन, उंबेर्तो मातुराना, वॉरेन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी बेडकासमोर नुसते प्रकाशाचे ठिपके न ठेवता त्याच्या जगातल्यासारख्या गोष्टी हलवल्या, कडा, छोटे काळे गोल, सरकणारी सावली, आणि ऑप्टिक नर्व्हचे तंतू चार प्रकारचे निघाले. त्यातला एक प्रकार छोट्या, गडद, हलणाऱ्या गोलसर वस्तूला जोरात उत्तर द्यायचा आणि मागची सगळी पार्श्वभूमी हलवली तर गप्प बसायचा. त्यालाच पुढे लोक "बग डिटेक्टर" म्हणायला लागले. त्यांच्याच हिशेबाने बेडकाच्या डोळ्यात साधारण १० लाख प्रकाशग्राही पेशी आणि ५ लाखांच्या आसपास गँगलियन पेशी (ज्यांच्या तंतूंची ऑप्टिक नर्व्ह बनते) असतात, म्हणजे मेंदूकडे जाण्याआधीच बरंच काही गाळलं जातं.

आता इथे बरेच लोक थांबतात आणि "बेडकाचा डोळाच माशी ओळखतो" असं सांगत सुटतात. तसं नाहीये. यॉर्ग-पीटर एव्हर्ट यांनी १९६० च्या दशकापासून टोडवर जे काम केलं ते बघितल्याशिवाय हा विषय पुरा होतच नाही. त्यांनी एकच लांबट पट्टी घेतली. ती लांबीच्या दिशेने सरकवली की टोड तिला अळी समजून मागे लागतो, आणि तीच पट्टी उभी धरून आडवी सरकवली की टोड ढिम्म. पट्टी तीच, काळा रंग तोच, वेग तोच, फक्त कुठल्या बाजूने सरकते तेवढं बदललं. हा फरक रेटिनातल्या गँगलियन पेशींना एकट्याने करता येत नाही. तो मेंदूतल्या टेक्टम नावाच्या भागातल्या काही पेशींत दिसतो (त्यांना टी५.२ म्हणतात), आणि तिथेही मेंदूतल्याच प्रीटेक्टम भागाकडून येणारे सिग्नल त्या पेशींचं उत्तर दाबतात म्हणूनच दिसतो. प्रीटेक्टमला इजा केली तर टोड जे हलेल त्याच्यावर झेपावतो, मोठ्या वस्तूवर, प्रयोग करणाऱ्याच्या हातावरसुद्धा. म्हणजे "ही शिकार आहे" हा निर्णय डोळा आणि मेंदू मिळून घेतात. माझ्या मते नवीन माणसाने शिकायची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, आणि ती कळली ती कुणीतरी आधी टोड काय करतो ते शांतपणे मोजत बसलं म्हणून.

तिसरी पायरी: परवानगी आणि पाणी

हे कंटाळवाणं वाटतं पण याच्याशिवाय पुढे जाऊच नका. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी नुसतं वागणं बघायचं असेल तरी लागू शकते, आधी विचारा. रानातून प्राणी पकडून आणू नका, बऱ्याच जाती कायद्याने संरक्षित आहेत आणि कायट्रिड बुरशीमुळे जगभर उभयचर आधीच संकटात आहेत. प्रजनन केंद्रातून घ्या, वेगळ्या जाती एकत्र ठेवू नका, एका टाकीची जाळी दुसऱ्या टाकीत घालू नका आणि काम संपल्यावर कुठल्याही परिस्थितीत तळ्यात सोडून देऊ नका.

नळाचं पाणी थेट वापरायचं नाही. क्लोरीन नुसतं पाणी उघडं ठेवून उडून जातं पण क्लोरामाइन तसं जात नाही, त्याला कार्बन फिल्टर किंवा वेगळं द्रावण लागतं, आणि यांची कातडी सगळं आत ओढते. लेव्हिस १८ ते २२ अंश सेल्सिअसला खूश असतो, ट्रॉपिकॅलिसला त्याहून उबदार पाणी लागतं. हाताळताना पावडर नसलेले, ओले केलेले हातमोजे घाला. टोडच्या डोळ्यांमागे ज्या फुगीर ग्रंथी असतात त्यांत विष असतं, त्याला हात लावून तोच हात स्वतःच्या डोळ्याला लावाल तर चांगलंच झोंबेल.

चौथी पायरी: पट्टीचा प्रयोग स्वतः करून बघा

पुस्तकात वाचलेलं आणि समोर बघितलेलं यात फार फरक आहे म्हणून हा प्रयोग प्रत्येकाने करावाच. टोडला काचेच्या गोल भांड्यात बसवा, बाहेरून पांढऱ्या कागदाची भिंत, आणि भांडं व भिंत यांच्यामध्ये काळ्या कार्डाचे तुकडे गोल फिरतील अशी सोय करा. काचेमुळे वासाचा प्रश्न मिटतो आणि टोड वस्तूला पोचत नाही त्यामुळे परत परत वळत राहतो, तेच तुम्हाला मोजायचंय, एका मिनिटात किती वेळा वळला.

तुकडे असे घ्या: २.५ बाय २० मिलिमीटरची पट्टी, एकदा लांबीच्या दिशेने फिरणारी आणि एकदा उभी, शिवाय लहान-मोठे चौरस. टोडच्या डोळ्यापासून अंतर ७ सेंटिमीटर धरलं तर ही पट्टी साधारण २ बाय १६ अंशांची होते. हो, अंशातच लिहायचं, मिलिमीटरमध्ये नाही, कारण डोळ्याला वस्तू किती मोठी दिसते ते अंतरावर ठरतं. लक्षात ठेवायला सोपं माप म्हणजे ५७ सेंटिमीटरवर ठेवलेली १ सेंटिमीटरची वस्तू १ अंशाची दिसते, बाकी सगळं त्यावरून काढता येतं. चौरस लहान असेल तर टोड त्याच्याकडे वळेल, मोठा करत गेलात की एका टप्प्यानंतर तोच टोड अंग फुगवेल, दबेल किंवा तोंड फिरवेल.

आता काय बघायचं. टोड आधी मान आणि अंग वळवतो, मग जवळ सरकतो, मग दोन्ही डोळे वस्तूवर लावून थबकतो. या थबकण्याच्या वेळी त्याच्या मागच्या पायाची लांब बोटं बघा, ती थरथरायला लागतात, बाकी सगळं अंग दगडासारखं स्थिर आणि फक्त बोटं हलतायत. मग झेप, गिळणं, आणि शेवटी पुढच्या पायाने तोंड पुसणं. खरी गंमत म्हणजे थबकल्यावर शिकार पटकन काढून घेतली तरी तो बऱ्याचदा झेप घेतो, रिकामाच गिळतो आणि तोंडही पुसतो, एकदा साखळी सुरू झाली की ती शेवटपर्यंत जाते. गिळताना डोळे खाली आत जातात, ते गिळायला मदत म्हणून, त्याला डोळा मिटला असं मोजू नका.

काळजी कशाची घ्यायची तर पोट भरलेला टोड काहीच करत नाही, प्रजननाच्या हंगामातला नर शिकारीकडे बघतही नाही, आणि एकच तुकडा सारखा दाखवला की कंटाळून उत्तर देणं बंद करतो. म्हणून शेवटचं खाणं कधी दिलं ते लिहून ठेवा, तुकड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, मध्ये विश्रांती द्या. आणि व्हिडिओवरून मोजणाऱ्या माणसाला समोर कुठला तुकडा होता ते दिसता कामा नये, व्हिडिओ तसा कापून द्या. "मी प्रामाणिक आहे, मला गरज नाही" असं वाटत असलं तरी द्या, कारण अर्धवट वळणं मोजायचं की नाही हा निर्णय आपण नकळत आपल्याला हव्या त्या बाजूने घेतो.

पाचवी पायरी: टॅडपोल असतील तर

यांच्याकडे सोपा प्रयोग आहे. झेनोपसच्या टॅडपोलला अर्धी पांढरी अर्धी काळी पार्श्वभूमी दिली की तो पांढऱ्या बाजूला जास्त वेळ राहतो. चौकोनी पारदर्शक भांडं, बाहेरून कागद, वरून कॅमेरा, बास. दर वेळी भांडं फिरवून बाजू बदला, नाहीतर खोलीतल्या खिडकीची आवड मोजाल. आणि तोच प्रयोग पूर्ण अंधारात इन्फ्रारेड कॅमेऱ्याने करा, तिथे आवड नाहीशी झाली तरच ती डोळ्याने होती असं म्हणता येईल.

दुसरा प्रकार म्हणजे खालून पडद्यावर हलणारे ठिपके दाखवायचे, ठिपका अंगावर येतोय असं वाटलं की टॅडपोल पोहण्याची दिशा बदलतो. वय दिवसांत लिहू नका, नियुकूप आणि फेबर यांच्या तक्त्यातली स्टेज लिहा, कारण तापमानाप्रमाणे वाढ पुढे-मागे होते आणि तुमचा सहा दिवसांचा टॅडपोल दुसऱ्याच्या सहा दिवसांच्या टॅडपोलसारखा नसतो.

सहावी पायरी: उजेड नीट मोजा

नव्यांचा डेटा सगळ्यात जास्त इथे वाया जातो. लक्समीटर माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेला असतो, बेडकासाठी नाही. बेडकाकडे दोन प्रकारचे रॉड असतात, नेहमीचे ५०० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त संवेदनशील आणि दुसरे, ज्यांना ग्रीन रॉड म्हणतात, ते ४३० च्या आसपास, निळ्याला. यामुळेच बेडूक आपल्याला नुसतं काळं-करडं दिसतं तितक्या अंधारातही रंग वेगळे करू शकतात, २०१७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड युनिव्हर्सिटीच्या गटाने ते वागण्यातून दाखवलं. तेव्हा स्पेक्ट्रोमीटर किंवा रेडिओमीटर मिळवा आणि कुठल्या वेव्हलेंथला किती फोटॉन ते लिहा. कॉम्प्युटरचा पडदा तीन रंग मिसळून माणसाला फसवायला बनवलाय, त्यातला "निळा" बेडकासाठी कसला रंग आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही. शिवाय स्वस्त एलईडी लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाहीच असं समजू नका, फोटोडायोड लावून एकदा तपासा.

तापमान लिहा. हे मी परत परत सांगतो कारण यांच्या बाबतीत तापमान ही दृष्टीचीच गोष्ट आहे. रॉड पेशीतला, उजेड पकडणाऱ्या रोडॉप्सिनचा रेणू कधीकधी उजेड नसताना नुसत्या उष्णतेने उलटतो आणि पेशीला वाटतं फोटॉन आला. टोडच्या रॉडमध्ये अब्जावधी रेणू असूनही २० अंशांच्या आसपास हे साधारण ५० सेकंदांत एकदा होतं, आणि थंडीत आणखी कमी. १९८८ मध्ये आहो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की थंड अंगाचे टोड माणसाला दिसणार नाही इतक्या अंधुक उजेडात नकली अळीवर झेप घेतात, कारण त्यांच्या डोळ्यातला हा गोंगाटच कमी असतो. तुमची खोली दुपारी चार अंशांनी तापत असेल तर अंधुक उजेडातले निकाल सकाळ-संध्याकाळ वेगळे येणार, त्यात नवल नाही.

अंधाराची सवय व्हायला भरपूर वेळ द्या, शक्यतो रात्रभर अंधारात ठेवा.

सातवी पायरी: आता इलेक्ट्रोड

हे एकट्याने यूट्यूब बघून करायचं काम नाही, शिकलेल्या माणसाच्या शेजारी बसून शिका. सुरुवात ईआरजीने करा, म्हणजे डोळ्यावर इलेक्ट्रोड ठेवून फ्लॅश दिल्यावर पूर्ण रेटिनाचं एकत्रित उत्तर घेणं. आधी खाली जाणारी ए-वेव्ह प्रकाशग्राही पेशींची, मग वर जाणारी मोठी बी-वेव्ह मुख्यतः ऑन-बायपोलर पेशींमुळे, म्हणजे प्रकाशग्राही पेशींकडून सिग्नल घेऊन पुढे देणाऱ्या पेशींमुळे. ए आहे आणि बी नाही असं दिसलं तर बिघाड रॉडच्या पुढे कुठेतरी आहे, एवढं एका ट्रेसवरून कळतं. भुलीसाठी एमएस-२२२ वापरतात, ते पाण्यात आम्लधर्मी होतं म्हणून सोडियम बायकार्बोनेटने पीएच सातच्या आसपास आणायलाच हवा, नाहीतर प्राण्याला विनाकारण त्रास होतो. आणि पूर्ण वेळ कातडी ओली ठेवा, हे प्राणी कातडीतूनही श्वास घेतात.

वेगळा काढलेला रेटिना वापरणार असाल तर सगळं अंधुक लाल किंवा इन्फ्रारेड उजेडात. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल यांनी बेडकाच्या ताज्या रेटिनाचा लालसर रंग उजेडात फिका पडताना पाहिला, आणि चुकून कुणी खोलीचा दिवा लावला तर तेच तुमच्या डोळ्यांसमोर होईल. मागचा पिगमेंट एपिथेलियमचा थर सोडवून काढलेला असेल तर रॉडचा तो रंग परत भरून येत नाही, त्या दिवसाचं काम तिथेच संपलं. एकेका रॉडचं काम बघायला सक्शन इलेक्ट्रोड लागतो, बारीक काचेच्या नळीत रॉडचा बाहेरचा भाग ओढून घ्यायचा. १९७९ मध्ये बेलर, लॅम्ब आणि याऊ यांनी टोडच्या रॉडवर हेच करून एका फोटॉनचं उत्तर मोजलं, साधारण १ पिकोअँपिअर, आणि ते उठायला सेकंदभर तरी घेतं. इतका छोटा आणि इतका संथ सिग्नल असल्यामुळे टेबलाचं कंपन आणि विजेच्या तारांचा गुणगुणाट आधी आवरा, अँप्लिफायर नंतर बदला.

टेक्टमकडे गेलात तर लक्षात ठेवा की डाव्या डोळ्याचा नकाशा उजव्या टेक्टमवर असतो, आणि १९५९ च्या त्या चार प्रकारच्या तंतूंची टोकं टेक्टममध्ये वेगवेगळ्या खोलीवर संपतात. त्यामुळे इलेक्ट्रोड किती खोल आहे हे न लिहिलेलं रेकॉर्डिंग जवळजवळ निरुपयोगी. टॅडपोलचं बेडकात रूपांतर होताना डोळे बाजूंवरून पुढे-वर येतात आणि थायरॉइड हॉर्मोनमुळे काही नसा त्याच बाजूच्या मेंदूकडेही जायला लागतात, म्हणून रूपांतर चालू असलेले प्राणी बाकीच्यांच्या गटात मिसळू नका, त्यांचा वेगळा गट करा.

पहिल्या प्रयोगाच्या फायलीत प्रत्येक प्राण्यापुढे एवढं हवंच: जात, स्टेज किंवा वजन, लिंग, शेवटचं खाणं, पाण्याचं आणि खोलीचं तापमान, किती वेळ अंधारात होता, वस्तूचा आकार अंशांत, वेग अंश प्रति सेकंदात, उजेड फोटॉनमध्ये, आणि दिवसाची वेळ. मूळ व्हिडिओ आणि कच्चे ट्रेस पुसू नका, कारण सहा महिन्यांनी कुणीतरी "वळण म्हणजे नक्की किती अंश धरलं?" असं विचारेल आणि त्याचं उत्तर तिथेच मिळेल.